पिवळा नंबर

हिमानीने फॉर्म भरताना एक चूक केली होती आणि ती तिला कळली तीन आठवड्यांनी. तीही कुठे, तर अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मैदानावर, शनिवारी सकाळी साडेनऊला, शे-दोनशे आईबाप आणि तेवढीच किंचाळणारी पोरं आजूबाजूला असताना, आणि स्वतःची लेक कडेवर असताना.

टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी यादीवरून पेन फिरवलं, "अदिती! मिळाली," असं अगदी आनंदाने म्हणाल्या आणि चार पिनांसकट एक पिवळा कागदी नंबर पुढे सरकवला.

"हिरवा असेल आमचा," हिमानी म्हणाली. "तीन वर्षांच्या आतली मुलं. आईचा हात धरून धावतात ती शर्यत."

बाईंनी चष्मा वर करून पुन्हा यादी पाहिली. "इथे तर तीन वर्षं पूर्ण दिसतायत. जन्म फेब्रुवारीतला. नऊ तारीख."

"अहो नाही, दोन सप्टेंबर..." म्हणता म्हणता हिमानीला आपण फॉर्मवर काय लिहिलं ते आठवलं.

सहा वर्षं झाली होती तिला या देशात. बँकेचे, विम्याचे, ऑफिसचे, डे-केअरचे शंभर फॉर्म भरले असतील. आधी महिना, मग तारीख, कधी म्हणून चुकली नाही. वर नवऱ्याला, यतीनला शिकवायची, की अरे, इथे उलटं लिहितात. पण लेकीचा वाढदिवस लिहायची वेळ आली आणि डोकं बाजूला राहिलं, हात थेट नागपूरच्या शाळेतल्यासारखा चालला. आधी दोन, पुढे नऊ. अमेरिकेने ते आपल्या पद्धतीने वाचलं आणि पोरगी बसल्या जागी सात महिन्यांनी मोठी झाली.

"चूक झाली माझी. ईमेलमध्ये पावणेदहाची वेळ आली, म्हणून आत्ता आलो. हिरव्यात घ्या ना तिला."

"हिरव्यांची शर्यत नऊलाच झाली, डिअर," बाई हळहळून म्हणाल्या. "आता पिवळ्यांचीच उरलीय. तीन आणि चार वर्षांची मुलं. पंधरा मिनिटांत सुरू होईल."

"त्यात हात धरता येतो?"

येत नव्हता. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, मधे साठ यार्ड गवत, आणि आत फक्त मुलं. गेल्या वर्षी एक बाप आपल्या पोराला ओढत पळता पळता दुसऱ्याच्या पोरावर पडला होता, तेव्हापासून मोठ्यांना आत बंदी. एका पालकाने सुरुवातीला सोडायचं, दुसऱ्याने शेवटी उचलायचं. बाईंनी हे सगळं हसून सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? साठ यार्ड म्हणजे किती ते! आपल्याकडे या वयाची पोरं जिन्यावरून उड्या मारतात. म्हणा, खुशाल म्हणा. पण आधी आदूच्या, म्हणजे आमच्या अदितीच्या, पायाचं ऐकून घ्या.

आदू दोन महिन्यांची होती तेव्हा हिमानीची आई बाळंतपणासाठी म्हणून नागपूरहून आलेली होती. रोज सकाळी पाय पसरून बसायची, नातीला पायांवर घ्यायची, तेल चोळायची. एक दिवस मालिश करता करता तिचा हात थांबला. "हिमानी, हिच्या डाव्या मांडीवर एक वळी जास्त आहे गं. आणि पाय उघडताना अडकल्यासारखा लागतो हाताला. डॉक्टरला दाखव." हिमानी लॅपटॉपवर होती. ती म्हणाली, "आई, इथे डॉक्टर जन्मल्याबरोबर सगळं तपासतात. तुझं आपलं काहीतरी." दोनदा सांगण्याचा आईचा स्वभावच नव्हता.

डाव्या खुब्याचा सांधा जागेवर नाही हे कळलं तेव्हा आदू दहा महिन्यांची होती. वेळेवर कळलं असतं तर साध्या पट्ट्यांवर भागलं असतं. आता ऑपरेशन झालं. नंतर छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तीन महिने. तेवढंसं लेकरू, पाय फाकवून, पाठीवर पडून छताकडे बघत राहायचं. हिमानीने त्या तीन महिन्यांत एकदाही कोणासमोर डोळ्यातून पाणी काढलं नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असंच तिला वाटायचं. आईने फोनवर तो विषय कधी काढला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

आदू बाविसाव्या महिन्यात चालायला लागली, हिमानीचं बोट धरून. उजव्या हाताचं हे बोट त्या दिवसापासून पोरीच्या मुठीत गेलं ते गेलंच. घरात, बागेत, दुकानात, गालिच्यावरसुद्धा. डे-केअरवाल्यांनाही हात धरूनच चालवायची लेखी सूचना हिमानीने दिली होती. डोळ्यात तेल घालून बसायची. गेल्या अकरा महिन्यांत आदू एकदाही पडली नव्हती आणि लोक हिमानीचं कौतुक करायचे.

परवाच्या गुरुवारी हाडांच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, "उत्तम. सांधा पक्का बसलाय. आता काही बंधन नाही. धावू द्या तिला."

"पडली तर?" हिमानीने विचारलं.

"पडेल. मुलं पडतात."

"नाही, पण पडली तर?"

डॉक्टरांनी यतीनकडे पाहिलं, यतीनने जमिनीकडे. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, पण गाडीत बसल्यावर नवऱ्याला विचारलंच.

यतीन पुण्याचा. बोलायला गोड, आणि तत्त्वाचं काही निघालं की ऐकायचा नाही. गुरुवारपासून त्याचं एकच पालुपद चालू होतं. "तिला सोड गं. डॉक्टर सांगतायत ना? तू तिला नाही धरलंस, तू स्वतःला धरून बसलीयस." असली वाक्यं तो कुठून आणायचा देव जाणे, पण हिमानीच्या डोक्यात तिडीक जायची.

तर आता मैदानावर पिवळा नंबर हातात घेऊन ती त्याच्याकडे आली आणि सगळं सांगितलं. यतीनने आधी कपाळाला हात लावला, मग हसला.

"महिना आधी, तारीख नंतर. मला कोण शिकवत होतं?"

"यतीन, माझं डोकं फिरवू नकोस. आपण घरी जाऊ."

"का घरी? पिवळ्यात धावेल ती."

"एकटी? चार-चार वर्षांची धटिंगण पोरं आहेत त्यात. एकाने ढकललं तर काय होईल?"

"तर पडेल आणि उठेल."

"आणि नाही उठली तर? पुन्हा प्लास्टर घालायचंय तिला? बोल ना!"

शेजारच्या दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. भाषा कळली नाही तरी भांडण कुणालाही कळतं. त्या तीन महिन्यांचं नाव निघालं की यतीनही गप्पच व्हायचा. तेवढ्यात कडेवरच्या आदूने आईच्या हातातला पिवळा कागद ओढला, स्वतःच्या छातीवर दाबून धरला आणि जाहीर केलं, "मी रन करणार."

"पुढच्या वर्षी हं, पिल्लू."

"नाही. आत्ता. मी रन करणार!"

यतीनने बायकोकडे पाहिलं. नुसत्या भुवया उडवल्या, त्याचाच हिमानीला जास्त राग आला. तिने पोरीला खाली ठेवलं, गुडघ्यावर बसली आणि चारही पिना लावल्या. एक तिच्या स्वतःच्या अंगठ्यात घुसली.

"तू शेवटी उभा राहा," ती यतीनला म्हणाली. "आणि तिला काही झालं ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

सुरुवातीच्या रेघेवर तेरा मुलं होती. हिमानीने मोजली. आदू सगळ्यांत बुटकी. तिच्या बाजूला आन्या नावाची एक उंच पोरगी उभी होती, जागच्या जागी नाचत होती. पलीकडे प्रीताची रुचा. प्रीता म्हणजे हिमानीची ऑफिसातली मैत्रीण, मुंबईची, चटपटीत, आणि या शर्यतीची कल्पना मुळात तिचीच. हिमानीचा पडलेला चेहरा बघून ती म्हणाली, "अगं टेन्शन काय घेतेस यार? माझी रुचा धरेल ना तिचा हात. रुचा, होल्ड आदूज हँड, ओके? सोडायचा नाही."

"ओके, मम्मा," रुचाने मान डोलावली आणि आदूचा हात पकडला.

हिमानीच्या जिवात थोडा जीव आला. चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर तिने विश्वास ठेवला, यावरून तिची अवस्था काय होती ते समजा. तिने आपलं बोट आदूच्या मुठीतून सोडवून घेतलं. एक-एक बोट उकलावं लागलं. मग ती दोरीबाहेर जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाई भोंगा घेऊन रेघेपाशी आल्या होत्या. त्यांनी हिमानीकडे बघून डोळा मिचकावला. समोर दूरवर यतीनची लाल टोपी दिसत होती, एवढीशी.

भोंगा वाजला.

तेराच्या तेरा पोरं सुटली. रुचाने आदूला तीन पावलं ओढलं. आदूचे पाय एकमेकांत अडकले, सावरले. तेवढ्यात आन्या पुढे निघून गेली आणि ते रुचाला सहन झालं नाही. हात सोडून ती सुसाट पळाली. "रुचा! रुचा, वेट!" प्रीता ओरडली. कसलं वेट आणि कसलं काय.

आदू उभी राहिली. रेघेपासून तीन पावलांवर, एकटी. पुढे पोरांच्या पाठी दिसत होत्या, त्या लहान लहान होत गेल्या. तिचा उजवा हात वर होता आणि मूठ मिटलेली होती, आत बोट नसताना. लोक टाळ्या वाजवत होते, पलीकडे एकेक पोर आईबापाच्या अंगावर जाऊन आदळत होतं, पदकं गळ्यात पडत होती. बघता बघता सगळी पोरं पोचली आणि साठ यार्डांच्या त्या पट्ट्यात ही एवढीशी पोर शिल्लक राहिली. आता सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

आदू वळली. चालत चालत दोरीपाशी आली आणि हात पुढे केला.

"आई, बोट."

भोंगेवाल्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी दोरी उचलून धरली आणि हिमानीला म्हणाल्या, "जा, आई, जा तू. बाकी सगळे पोचलेत. आज चालेल." आजूबाजूचे सगळे प्रेमाने "ऑ" करू लागले.

झालं की मग! नियमच बाजूला झाला होता. बोट द्यायचं, साठ यार्ड टुकूटुकू चालत जायचं, फोटो काढायचे, घरी जाऊन पोहे करायचे. हिमानी वाकलीसुद्धा. बोट पुढे झालंसुद्धा. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की आदू आत्ता तीन पावलं एकटी चालत आली. ओल्या, उंचसखल गवतावर. डावा पाय जरासुद्धा ओढला नाही तिने. चेहऱ्यावर भीती नव्हती. बोट मागत होती ती सवयीने, आणि ती सवय लावली होती कोणी? पोरगी पडायला घाबरत नव्हती, तिला पडणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. अकरा महिन्यांत हिमानीने तिला ते कळूच दिलं नव्हतं, आणि लोक त्याचं कौतुक करत होते.

हिमानीने हात मागे घेतले. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले, कारण मोकळे ठेवले असते तर ते आपणहून पुढे गेले असते.

"बोट नाही, आदू. तू पळ. तो बघ बाबा."

"बोट!"

"नाही. एकटी पळ."

आदूचा खालचा ओठ बाहेर आला. मग भोकाड पसरलं. गर्दीतलं "ऑ" थांबलं. कुणीतरी जिभेने च्-च् केलं. बाईंच्या हातातली दोरी तशीच वर राहिली, त्यांना कळेना ही कसली आई.

"हिमानी, दे ना यार," प्रीता कानाशी कुजबुजली. "किती रडतेय ती. सगळे बघतायत."

"बघू देत. तू गप्प बस."

जीव तुटत होता तिचा. पोटच्या पोरीला शंभर लोकांत रडवायचं आणि हात काखेत घालून उभं राहायचं, सोपं असतं का? तिने ओठ चावले. वेळ जाता जाईना. आदूने रडणं थांबवलं, आईकडे नीट पाहिलं, आणि तिला राग आला. असा तसा नाही, आजोळचा राग, नागपूरच्या उन्हाळ्यासारखा. तिने पाय आपटला. डावा पाय! आदूने तो पुन्हा आपटला, "आई बॅड!" म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

आधी चालली. मग भरभर चालली. मग तिचा तिलाच पत्ता न लागता ती पळायला लागली. वेडंवाकडं, एक खांदा झुकवत, हात पंखांसारखे बाहेर. डॉक्टर म्हणाले होते तसं, पायाला काही नाही, फक्त सराव नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. हिमानीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती यार्ड मोजत होती. दहा यार्ड. वीस. तीस.

अर्ध्या वाटेवर गवतात एक खळगा होता. आदूचा पाय त्यात गेला आणि ती तोंडावर पडली.

सपाट पडली. डावी बाजू खाली. टाळ्या थांबल्या. हिमानीचा एक पाय दोरीच्या आत गेला होता, कधी गेला ते तिला कळलं नाही. आणि तिने पाहिलं, की समोरून लाल टोपी उडाली, यतीन दोरीखालून वाकून आत घुसला आणि जीव खाऊन पोरीकडे धावत सुटला. गुरुवारपासून "सोड गं, सोड गं" करणारा शहाणा माणूस! चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा.

"यतीन!" हिमानी ओरडली. तिचा आवाज असा निघाला, की भोंगेवाल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. "थांब! हात लावू नकोस तिला!"

तो थांबला, जागच्या जागी. चाळीस-पन्नास यार्डांवरून नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते हिमानीला इथूनही दिसलं, कारण तेच तिच्याही डोळ्यांत होतं. इतके दिवस तिला वाटत होतं, भीती एकटीचीच आहे. मधे गवतावर पिवळा नंबर पालथा पडला होता आणि हलत नव्हता.

एक. दोन. तीन. हिमानी मनात मोजत होती. चार. पाच.

आदूने डोकं उचललं. मागे पाहिलं, आई तिथेच. पुढे पाहिलं, बाबा तिथेच. कोणी येत नव्हतं. तिने हात गवतावर टेकले, ढुंगण वर केलं, उजवा पाय रोवला. मग डावा पुढे घेतला आणि त्याच्यावर सगळा भार टाकून ती उभी राहिली. गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा हिरवागार झाला होता. तिने त्यावर हात फिरवला, हात हुंगला, आणि पडण्याचं इतकंच असतं हे कळल्यावर तिला त्यात काही राम वाटला नसावा. ती पुन्हा पळत सुटली.

आता मात्र गर्दीने मैदान डोक्यावर घेतलं. यतीन जिथे होता तिथेच गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पसरले. आदू त्याच्या दिशेने आली, त्याच्या हाताखालून वाकून पुढे गेली आणि थांबलीच नाही. शेवटची रेघ ओलांडली. पदकं घेऊन उभ्या असलेल्या मुलीला ओलांडलं. केळ्यांचं टेबल ओलांडलं. पुढे दोऱ्या नव्हत्या, मोकळं मैदान होतं, आणि मैदानाच्या टोकाला बदकांचं तळं.

"अरे पकड तिला! तळं आहे तिकडे!" हिमानी ओरडली आणि कुणाची वाट न बघता पळायला लागली. दोरीच्या कडेकडेने, बाबागाड्या चुकवत, माणसांना ढकलत, सॉरी-सॉरी म्हणत. आदूने मागे वळून पाहिलं. आई मागे लागलीय हे दिसल्यावर तिला भयंकर आनंद झाला. ती खदखदून हसली आणि वेग वाढवला. हिमानीच्या बरगडीत कळ आली, एक चप्पल सुटून कुठेतरी राहिली.

"आदू, थांब! थांब म्हणते ना! अगं किती पळशील!"

शब्द तोंडातून गेले आणि ते तिचे तिलाच ऐकू आले. पोरीला "पळू नकोस, थांब" म्हणायची पाळी तिच्यावर आजवर आलीच नव्हती. बाकीच्या आया हे वाक्य दिवसातून वीस वेळा, वैतागून, दुसरं काम करता करता म्हणतात. हिमानी मैदानाच्या मधोमध, ओल्या गवतात, एका चपलेनिशी मटकन खाली बसली. दोन वर्षांचं अडलेलं रडू चारचौघांत घळाघळा वाहायला लागलं आणि त्यातच तिला हसूही यायला लागलं.

आदूमागे धावणारा यतीन तिला बसलेली बघून उलटा फिरला आणि धापा टाकत तिच्याजवळ पोचला. "काय झालं? लागलं का तुला?"

"मला काही नाही झालं," ती म्हणाली आणि तळ्याच्या दिशेने हात केला. "तू जा रे तिच्या मागे. माझ्याने नाही पळवत."